जुन्या लॅपटॉपची रास्त किंमत : घसाऱ्याच्या कल्पनेचा इतिहास

बारावी झालेल्या विद्यार्थ्याला पुढच्या शिक्षणासाठी लॅपटॉप हवा असतो. नवा घेणे घरच्यांना परवडण्यासारखे नसते. मालवण, कणकवली किंवा कुडाळात ओळखीपाळखीतून कुणाचा तरी वापरलेला लॅपटॉप मिळतो. विकणारा म्हणतो, "पन्नास हजारांना घेतला होता, निम्म्यात देतो." घेणाऱ्याच्या वडिलांना हा भाव कधी जास्त वाटतो, तर कधी स्वस्तात मिळाले असे वाटते. पण तसे का वाटते हे सांगता येत नाही. मग कुणीतरी सुचवते, "शाळेतल्या सरांना विचारा."

सरांनी किंवा बाईंनी काय सांगावे? "निम्मी किंमत" हा अंदाज आला कुठून? पाच वर्षांत वस्तूची किंमत निम्मी होते असा काही नियम आहे का? असा नियम नाही. मात्र जुन्या वस्तूची किंमत कशी ठरवावी, या प्रश्नाला दोन हजार वर्षांचा इतिहास आहे. भिंती, जहाजे, जाळी, आगगाड्या आणि मोटारी यांची किंमत ठरवताना माणसाला जे उमगत गेले, तेच लॅपटॉपच्या बाबतीतही कामाला येते. हा इतिहास पाहू आणि शेवटी प्रत्यक्ष आकडे मांडू.

भिंतीचे वय

इसवी सनापूर्वी पहिल्या शतकात रोममध्ये व्हिट्रुव्हियस नावाचा वास्तुशास्त्रज्ञ होऊन गेला. वास्तुशास्त्रावरील त्याच्या दहा खंडांच्या ग्रंथात दोन घरांमधल्या सामाईक भिंतीची किंमत कशी काढावी याचा उल्लेख येतो. भिंत दगडगोट्यांची असेल तर ती बांधताना आलेला खर्च पाहायचा आणि उलटलेल्या प्रत्येक वर्षामागे त्याचा ऐंशीवा भाग वजा करायचा. म्हणजे अशी भिंत ८० वर्षे टिकेल असे धरायचे. २० वर्षांनंतर तिची किंमत मूळ खर्चाच्या तीन चतुर्थांश राहील. आज हिशेबाच्या पुस्तकांत "सरळ रेषेची पद्धत" म्हणून जी शिकवतात, ती हीच.

पण पुढची गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. भिंत विटांची असेल आणि ओळंब्यात सरळ उभी असेल, तर तिच्या किमतीतून काहीच वजा करत नसत. भिंत कितीही वर्षांची असो, बांधायला लागला होता तेवढाच तिचा भाव. याचा अर्थ, भाव वर्षे मोजून ठरत नाही. वस्तूत अजून किती काम शिल्लक आहे, यावर तो ठरतो. वर्षे मोजणे हा ते शिल्लक काम ओळखण्याचा एक मार्ग आहे, आणि तोही प्रत्येक वस्तूला लागू पडत नाही. चिऱ्याची भिंत आणि मातीची भिंत या दोन्हींना एकच नियम लावता येत नाही, हे कोकणातल्या गवंड्याला वेगळे सांगावे लागणार नाही.

जहाज : वय पाहायचे की अवस्था?

भिंत निदान डोळ्यांसमोर असते. जहाजाचा तळ पाण्याखाली असतो आणि लाकूड पोखरणारे सागरी जीव आपले काम गुपचूप करत असतात. मालवण, वेंगुर्ले, विजयदुर्ग या बंदरांत गलबते आणि पत्तेमाऱ्या वावरत होत्या, त्या काळी जुने गलबत घ्यायचे म्हणजे ते किनाऱ्यावर ओढून तळाची फळी न फळी ठोकून पाहणे आले. पण जहाज पाहायला प्रत्येक वेळी बंदरात जाणे शक्य नसेल तर?

हा प्रश्न लंडनच्या विमा उतरवणाऱ्यांपुढे होता. एडवर्ड लॉइड याच्या नावाने चाललेल्या कॉफीगृहात त्यांच्या बैठका होत. १७६० मध्ये त्यांनी जहाजांची नोंद ठेवणारी संस्था स्थापली. त्यांच्या १७६४ च्या नोंदवहीत प्रत्येक जहाजापुढे दोन अक्षरे दिसतात. सांगाड्यासाठी ए, ई, आय, ओ, यू यांपैकी एक, आणि शिडे-दोरखंडांसाठी चांगले, मध्यम, वाईट यांची आद्याक्षरे. पुढे दुसऱ्या अक्षराच्या जागी आकडे आले आणि सर्वोत्तम जहाज "ए वन" ठरले. आपण बोलताना "ए वन" म्हणतो ते इथून आले आहे. आज जुने लॅपटॉप दुरुस्त करून विकणारे दुकानदार "ए ग्रेड", "बी ग्रेड" असे लिहितात, त्यामागेही तीच युक्ती आहे. सांगाडा वेगळा तपासायचा, साहित्य वेगळे तपासायचे आणि पाहणीचा निष्कर्ष एका अक्षरात लिहायचा.

यावरून वादही झाला. अठराव्या शतकाच्या अखेरीस विमावाल्यांनी जहाजाचे वय आणि ते कुठे बांधले यावर दर्जा ठरवायला सुरुवात केली. जहाजमालक चिडले. नीट राखलेले जहाज केवळ जुने म्हणून खाली का ढकलायचे, असा त्यांचा सवाल होता. १७९९ मध्ये त्यांनी स्वतःची वेगळी नोंदवही काढली. दोन्ही वह्या १८३४ मध्ये एक झाल्या.

जहाजमालकांच्या म्हणण्यात किती तथ्य होते, हे मुंबईत बांधलेल्या एका जहाजाने दाखवून दिले. जमशेदजी बमनजी वाडिया यांच्या देखरेखीखाली सागवानात बांधलेली "त्रिंकोमाली" ही युद्धनौका १२ ऑक्टोबर १८१७ रोजी पाण्यात उतरली. दोनशेहून अधिक वर्षांनंतर ती इंग्लंडमधील हार्टलपूल येथे जतन करून ठेवलेली आहे. नुसत्या वयावरून भाव केला असता तर ती केव्हाच जळाऊ लाकडाच्या भावात गेली असती.

रापणीचे जाळे : झीज आणि कालबाह्यता

आता आपल्याच किनाऱ्यावर येऊ. रापण म्हणजे अनेकांनी मिळून किनाऱ्यावरून ओढायचे मोठे जाळे. मिळालेली मासळी वाटताना ओढणाऱ्या माणसांचा वाटा असतो, तसा जाळ्याचाही असतो. जाळे काही खात नाही, मग त्याला वाटा कशाला? कारण ते झिजते. दर खेपेला थोडे फाटते, उन्हापाण्याने कमजोर होते आणि कधीतरी नवे करावे लागते. जाळ्याच्या वाट्यात मालकाचा मोबदला असतो, तशी या झिजेची भरपाईही असते. हिशेबनीस ज्याला घसारा म्हणतात, तो इथे मासळीत मोजला जातो.

पूर्वी जाळी सुताची असत. ती कुजू नयेत म्हणून सालीच्या कषायात बुडवावी लागत आणि वाळवावी लागत. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात नायलॉनची जाळी आली. नायलॉन पाण्यात कुजत नाही, वजनाला हलके आणि ताकदीला जास्त. आता विचार करा. एखाद्याकडे नुकतेच केलेले, एकही भोक नसलेले सुती जाळे होते. ते एका दिवसानेही झिजले नव्हते, तरी त्याला गिऱ्हाईक उरले नाही.

वस्तू म्हातारी होण्याचे दोन प्रकार इथे स्पष्ट दिसतात. पहिला म्हणजे झीज. ती वस्तूच्या आत घडते. दुसरा म्हणजे कालबाह्यता. ती वस्तूच्या बाहेर, जगात घडते. झीज थोडी थोडी होते आणि दुरुस्तीने भरून काढता येते. कालबाह्यता बहुधा एकदम येते आणि तिच्यावर सुईदोरा चालत नाही. लॅपटॉपची किंमत करताना हे दोन हिशेब वेगळे ठेवायला हवेत.

आगगाडी आणि कायद्याचे आकडे

मोठ्या यंत्रांच्या घसाऱ्याचा प्रश्न रेल्वेने ऐरणीवर आणला. बोरीबंदर ते ठाणे गाडी १६ एप्रिल १८५३ रोजी धावली. रूळ, इंजिने आणि डबे झिजतात, पण ते बदलण्यासाठी दरवर्षी पैसे बाजूला काढण्याची पक्की सोय भारतात बराच काळ नव्हती. १९२०-२१ मध्ये ॲकवर्थ समितीला असे आढळले की, बदलण्याची वेळ उलटून गेलेले मैलोगणती रूळ, शेकडो इंजिने आणि हजारो वाघिणी तशाच वापरात आहेत. त्यानंतर १९२४ मध्ये रेल्वेचा अर्थसंकल्प वेगळा झाला आणि घसारा निधी सुरू झाला. वेगळ्या अर्थसंकल्पाची ती पद्धत २०१७ मध्ये संपली.

करांच्या कायद्यातही ही कल्पना शिरली. ब्रिटनमध्ये १८७८ साली यंत्रांच्या झिजेसाठी सूट मिळू लागली. भारताच्या १९२२ च्या प्राप्तिकर कायद्यात झिजेसाठी एक कलम होते आणि कालबाह्य झाल्यामुळे विकाव्या किंवा टाकून द्याव्या लागलेल्या यंत्रांसाठी दुसरे. सुती जाळ्याने जो भेद दाखवला, तो कायद्यानेही मानला होता.

संगणकासाठी प्राप्तिकराच्या नियमांत घसाऱ्याचा दर पूर्वी वर्षाला ६० टक्के होता. २०१७ पासून तो ४० टक्के झाला. हा दर दरवर्षी उरलेल्या किमतीवर लागतो. २०१३ च्या कंपनी कायद्याने लॅपटॉपचे उपयुक्त आयुष्य ३ वर्षे धरले, आणि शेवटी उरणारी किंमत सर्वसाधारणपणे मूळ किमतीच्या ५ टक्क्यांहून जास्त धरू नये असे सांगितले. हे आकडे कर आणि ताळेबंद यांसाठी आहेत. तीन वर्षांनी लॅपटॉप बंद पडतो असा त्यांचा अर्थ नाही. कार्यालयाच्या वहीत शून्यावर आलेली कपाटे, पंखे आणि संगणक पुढे कितीतरी वर्षे चालताना आपण पाहतोच.

संगणकाचे वेगळेपण

भिंत, जहाज आणि जाळे यांच्यापेक्षा संगणक एका बाबतीत वेगळा आहे. तेच काम करणारी नवी वस्तू दरवर्षी स्वस्त होत जावी, हे पूर्वी क्वचितच घडे. १९६५ मध्ये गॉर्डन मूर यांनी असे निरीक्षण मांडले की, एका चकतीवर मावणाऱ्या घटकांची संख्या दरवर्षी दुप्पट होत आहे. १९७५ मध्ये त्यांनी हा कालावधी दोन वर्षांचा केला. १९८१ मध्ये बाजारात आलेला "ऑस्बोर्न वन" हा उचलून नेता येणारा संगणक सुमारे ११ किलो वजनाचा होता. किंमत १,७९५ डॉलर, पडदा ५ इंचांचा, आणि आत बॅटरी नव्हती. तेवढे काम आज अगदी साधा मोबाईलही करतो.

म्हणून लॅपटॉपच्या बाबतीत "तुम्ही केवढ्याला घेतला होता?" हा प्रश्न चुकीच्या जागी सुरुवात करतो. व्हिट्रुव्हियसने मूळ खर्चापासून सुरुवात केली, कारण भिंत बांधण्याचा खर्च सहसा उतरत नाही. आपण सुरुवात करायची ती "हेच काम करणारा नवा लॅपटॉप आज केवढ्याला मिळतो?" या प्रश्नापासून. विकणाऱ्याने पाच वर्षांपूर्वी जास्त पैसे मोजले असतील, तर त्या पैशांचा उपयोग त्याने पाच वर्षे घेतला आहे. त्याचा भार घेणाऱ्यावर टाकता येत नाही. २०२० मध्ये घरून शिक्षण सुरू झाले तेव्हा लॅपटॉपची मागणी अचानक वाढली. त्या काळात चढ्या भावाने घेतलेल्या यंत्रांना हे विशेष लागू आहे.

सुती जाळ्यासारखी एकदम येणारी कालबाह्यता इथेही आहे. विंडोज १० या प्रणालीचा नियमित सुरक्षा-आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ साठी एक विशिष्ट सुरक्षा-घटक लागतो आणि प्रक्रियकही बराच नवा लागतो. साधारणपणे २०१७ पूर्वीची यंत्रे त्यात बसत नाहीत. असे यंत्र १३ तारखेला जेवढे चालत होते तेवढेच १५ तारखेलाही चालत होते, पण त्याची किंमत बदलली. मात्र त्यावर लिनक्ससारखी मुक्त प्रणाली घालता येते. केरळच्या सरकारी शाळांत मुक्त प्रणालीवर बरीच वर्षे शिक्षण चालू आहे. म्हणजे शिल्लक आयुष्य यंत्राइतकेच वापरणाऱ्यावरही अवलंबून असते.

तांदळातले खडे

विकणाऱ्याला यंत्राचे दोष ठाऊक असतात, घेणाऱ्याला नसतात. या साध्या गोष्टीचा परिणाम काय होतो, हे जॉर्ज ॲकर्लॉफ या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञाने १९७० मध्ये एका निबंधात दाखवले. उदाहरण जुन्या मोटारींचे होते. घेणाऱ्याला चांगली गाडी आणि वाईट गाडी ओळखता येत नसेल, तर तो दोन्हींना मधला भाव देतो. मग चांगली गाडी असलेल्याला तो भाव परवडत नाही आणि तो बाजारातून निघून जातो. उरतात त्या वाईट गाड्या. भाव आणखी पडतो. ॲकर्लॉफ १९६७-६८ मध्ये दिल्लीत होते. त्यांच्या निबंधात भारतीय बाजारातल्या तांदळात मिसळलेल्या खड्यांचा आणि ते निवडत बसणाऱ्या गृहिणींचाही उल्लेख आहे. या कामासाठी त्यांना २००१ मध्ये आणखी दोघांसोबत नोबेल पारितोषिक मिळाले.

यातून आपल्याला एवढे घ्यायचे आहे : विश्वासाला किंमत असते आणि ती रुपयांत मोजता येते. "पंधरा दिवस वापरून बघा, काही निघाले तर परत करा" असे म्हणणाऱ्याचा लॅपटॉप खरोखरच जास्त किमतीचा असतो. गावात विकणारा आणि घेणारा उद्याही बाजारात एकमेकांना भेटणार असतात. अशा ठिकाणी हा शब्द देणे सोपे असते आणि मोडणे महाग पडते. खरेदीचे मूळ बिल दाखवणे हाही त्याच विश्वासाचा भाग आहे.

खाऱ्या हवेचा हिशेब

मालवणचा लॅपटॉप आणि सोलापूरचा लॅपटॉप सारख्याच वेगाने म्हातारा होत नाही. समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्याबरोबर मिठाचे अतिसूक्ष्म कण येतात आणि पंख्याच्या वाटेने यंत्रात बसतात. सापेक्ष आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांवर गेली की मीठ हवेतली वाफ ओढून घेते आणि तिच्यात विरघळू लागते. पावसाळ्यात स्वयंपाकघरातले मीठ ओले का होते, याचे उत्तर हेच आहे. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइडही असते, ते याहूनही आधी पाणी धरते. अशा ओल्या मिठातून वीज वाहू शकते आणि तांब्याच्या जोडण्या गंजतात. किनाऱ्यावर पावसाळ्यात अशी आर्द्रता दिवसचे दिवस असते. म्हणून खोबण्या, बिजागऱ्या आणि पंख्याची जाळी यांवर हिरवट किंवा तांबूस डाग आहेत का, हे पाहावे.

"वापरलाच नाही, कपाटात होता" ही इथे जमेची बाजू नाही. चालू यंत्र आतून गरम राहते, त्यामुळे आतली सापेक्ष आर्द्रता कमी होते. बंद कपाटातले यंत्र मात्र दमट राहते. बॅटरीचेही तसेच. १९९१ पासून बाजारात असलेली लिथियम-आयन बॅटरी नुसती पडून राहिली तरी म्हातारी होते, आणि पूर्ण भरलेल्या अवस्थेत उष्ण हवेत ठेवली तर अधिक वेगाने. बॅटरीची मूळ क्षमता आणि आज पूर्ण भरल्यावरची क्षमता बऱ्याच लॅपटॉपमध्ये पाहायला मिळते. दुसऱ्या आकड्याला पहिल्याने भागले की बॅटरीची अवस्था कळते.

आता आकडे मांडू

समजा, लॅपटॉप पाच वर्षांपूर्वी ५०,००० रुपयांना घेतला होता. आज तेच काम करणारा नवा लॅपटॉप ३६,००० रुपयांना मिळतो. किनाऱ्यावरच्या हवेत नीट राखलेले यंत्र एकूण ८ वर्षे चालेल आणि त्यावर विंडोज ११ बसते असे धरू. ३ वर्षे शिल्लक आहेत.

शिल्लक सेवेची किंमत : ३६,००० × ३/८ = १३,५०० रुपये.
नवी बॅटरी वजा : ३,००० रुपये.
बिजागरीची दुरुस्ती वजा : १,००० रुपये.
उरले : ९,५०० रुपये.
हमी नसल्याचा धोका वजा : १,५०० रुपये.
रास्त किंमत : सुमारे ८,००० रुपये.

परत घेण्याचा शब्द मिळाला तर धोक्याची वजावट ५०० वर आणता येईल आणि भाव ९,००० होईल. तो हजाराचा फरक म्हणजे विश्वासाची किंमत. आता बाकीचे अंदाज याच्या शेजारी ठेवू. विकणाऱ्याची "निम्मी किंमत" २५,००० होते. दरवर्षी ४० टक्के घसारा धरला तर वहीत ३,८८८ रुपये उरतात. कंपनीच्या हिशेबात फार तर २,५०० रुपये. तिन्ही आकडे आपल्या आकड्यापासून लांब आहेत, कारण यंत्रात किती काम शिल्लक आहे हे त्यांपैकी एकही विचारत नाही.

हाच लॅपटॉप सात वर्षांचा असता तर ३६,००० × १/८ म्हणजे ४,५०० आणि त्यातून बॅटरीचे ३,००० गेले की १,५०० उरले असते. तेवढ्यात बहुधा सुटे भागच मिळतात. पण ज्याला फक्त लिहायचे-वाचायचे आहे आणि मुक्त प्रणाली चालते, त्याच्यासाठी आयुष्य ९ वर्षे आणि शिल्लक २ वर्षे धरता येतील : ३६,००० × २/९ = ८,०००, बॅटरी वजा जाता ५,०००. यंत्र तेच, दोन वापरणाऱ्यांसाठी दोन किमती. रास्त भाव म्हणूनच एक बिंदू नसतो. विकणाऱ्याला भंगारात किंवा सुट्या भागांत जे मिळेल त्याहून वर आणि घेणाऱ्याला दुकानातून हमीसह मिळेल त्याहून खाली, अशा पट्ट्यात तो असतो.

किंमत शून्यावर आली तरी यंत्र कचऱ्यात टाकायचे नसते. ई-कचऱ्याचे नियम मे २०१२ पासून लागू झाले. सुधारित नियम एप्रिल २०२३ पासून अमलात आले. जुनी उपकरणे नोंदणीकृत पुनर्चक्रीकरणाकडे पोचवण्याची जबाबदारी या नियमांनी उत्पादकांवर टाकली आहे.

वर्गात करून पाहण्यासारखे

नववी-दहावीच्या वर्गात हा हिशेब गटांत करता येईल. शाळेतल्या एका जुन्या संगणकाची, सायकलची किंवा पंख्याची रास्त किंमत प्रत्येक गटाने काढावी. एका गटाने विकणाऱ्याची बाजू घ्यावी, दुसऱ्याने घेणाऱ्याची. प्रत्येक वजावटीपुढे "झीज", "कालबाह्यता" किंवा "माहितीचा अभाव" यांपैकी एक शब्द लिहावा. मग दोन्ही गटांचे आकडे कुठे वेगळे झाले ते पाहावे. बहुधा गुणाकारात फरक नसतो. एकूण आयुष्य किती धरले, यात असतो. ते का धरले, याची कारणे दोन्ही गटांनी फळ्यावर लिहावीत आणि त्यांतली कोणती तपासून पाहता येतील, हे वर्गाने मिळून ठरवावे.